20 अंशांचं ड्रॉइंग आणि रबाळ्यातला मे महिना

ड्रॉइंगवर जे माप लिहिलेलं असतं ना, ते 20 अंश सेल्सिअसचं असतं. गाडीच्या कुठल्याही पार्टचं ड्रॉइंग घ्या, कुठल्याही देशातलं घ्या, त्यावर वेगळं काही लिहिलं नसेल तर ते माप 20 डिग्रीला खरं धरायचं. हे 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरलं आणि आजही तसंच चालू आहे. आता नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतली एक शेड डोळ्यांसमोर आणा, मे महिना, दुपारचे तीन, वर पत्रे, पलीकडच्या भागात फर्नेस चालू. आमच्याकडे 20 डिग्री फक्त एकाच खोलीत असतात, स्टँडर्ड रूममध्ये, जिथं पार्ट बारकाईने मोजणारं सीएमएम मशीन ठेवलंय आणि आत जाताना बूट बाहेर काढावे लागतात.

मी गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कंपनीत डिग्री अप्रेंटिस आहे. आठवड्यातले चार दिवस प्लांट आणि दोन दिवस कॉलेज, शेवटचं वर्ष चालू आहे. राहायला कळव्याला, खारेगावात. म्हणजे आधी ठाण्याला यायचं, तिथून ट्रान्स हार्बरची गाडी, दिघा, ऐरोली, मग रबाळे, आणि स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा. हे सगळं लिहायचं कारण असं की गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच मुलांनी, आणि मुलांपेक्षा त्यांच्या आईवडिलांनी, मला विचारलं की हे नक्की काय असतं, नोकरी की शिक्षण, आणि साध्या इंजिनिअरिंगपेक्षा चांगलं की वाईट. फोनवर पाच मिनिटांत ते सांगता येत नाही म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

तर तो मे महिना. एका गिअरचं बोअर, म्हणजे मधलं भोक, ते शाफ्टवर घट्ट आणि नेमकं बसावं लागतं, व्यास 60 मिमी आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा एकूण फरक, फक्त 19 मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग, माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. हे बोअर हार्ड टर्निंगला होतं, म्हणजे गिअर भट्टीतून कडक होऊन आल्यावर ते लेथवर कापायचं. मशीनशेजारच्या एअर गेजवर, म्हणजे हवेच्या झोताने भोक मोजणाऱ्या उपकरणावर, सगळे पार्ट पास होत होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडर्ड रूममध्ये त्यातलेच काही लहान निघत होते. सेकंड शिफ्टचं म्हणणं गेज बरोबर, क्वालिटीचं म्हणणं मशीन ड्रिफ्ट होतंय, मेंटेनन्सवाले म्हणाले स्पिंडल चेक केलाय, काही नाही त्यात. मग मूळ कारण सापडेपर्यंत का, का विचारत जायचं त्या व्हाय-व्हाय अॅनालिसिसचा फॉर्म निघाला आणि तो भरायला क्वालिटी इंजिनिअर, मशीन लावून देणारा सेटर आणि मी असे बसलो.

मला टेम्परेचर मोजायला सांगितलं होतं. त्या इन्फ्रारेडच्या बंदुकीने नाही, कारण चकचकीत धातूवर ती भलतेच आकडे दाखवते (हे मला आधी माहीत नव्हतं, सेटरने सांगितलं), तर स्पर्श करून मोजणाऱ्या प्रोबने. मशीनमधून नुकताच बाहेर आलेला गिअर बाजूला ठेवलेल्या मास्टर रिंगपेक्षा, म्हणजे गेज ज्याच्याशी जुळवतात त्या नेमक्या मापाच्या कड्यापेक्षा, 12 डिग्री गरम निघाला. आता नुसती शेड गरम असणं हा प्रॉब्लेम नसतो, कारण मास्टरपण स्टीलचा आणि गिअरपण स्टीलचा, दोघं सारखेच फुगतात, तुलना बरोबरच येते. प्रॉब्लेम येतो दोघांच्या फरकाचा. स्टील दर डिग्रीला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. 60 मिमी, 12 डिग्री, उत्तर 8 मायक्रॉन. म्हणजे गरम गिअरचं बोअर गेजवर 8 मायक्रॉन मोठं दिसत होतं, ऑपरेटर ते बघून टूलचा ऑफसेट कमी करत होता, म्हणजे भोक आणखी लहान कापत होता, अगदी नियमाप्रमाणे आणि प्रामाणिकपणे, आणि रात्रभरात गिअर थंड झाला की तो तेवढाच लहान. 19 मधले 8. जवळपास निम्मा टॉलरन्स नुसत्या घाईत जात होता.

लांबीतला बदल बरोबर अल्फा गुणिले लांबी गुणिले तापमानातला फरक, हे सूत्र मी अकरावीला शिकले, सीईटीला त्याच्यावर गणितं सोडवली, मार्कही मिळाले. पण ते सूत्र मी खरं मानलं नव्हतं. म्हणजे खोटंही मानलं नव्हतं, ते परीक्षेच्या वहीतलं होतं एवढंच, आणि त्या दिवशी कॅल्क्युलेटरवर 8.28 आला आणि क्वालिटी इंजिनिअरने स्टँडर्ड रूमच्या रिपोर्टवर बोट ठेवलं, तिथंही 7, 8, 9 असेच आकडे, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. चार जणांचा आठवडाभर चाललेला वाद एका ओळीच्या सूत्रात बसला. त्यानंतर मशीनशेजारी एक रॅक आला, गिअर तिथं ठरावीक वेळ थंड झाल्याशिवाय गेजवर घ्यायचा नाही असा बोर्ड लागला, आणि ते रिजेक्शन थांबलं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे असं मला वाटतं. आपल्याकडे चार वर्षं उत्तरं शिकवतात आणि प्रश्न नोकरी लागल्यावर भेटतात, तोवर उत्तरं विसरलेली असतात. अप्रेंटिसशिपमध्ये प्रश्न आधी भेटतो. तो डोक्यात घेऊन तुम्ही वर्गात बसता, मग मास्तर फळ्यावर काय लिहितात त्याकडे वेगळ्याच कानांनी लक्ष जातं.

हीट ट्रीटमेंटचं तसंच झालं. आमचे बरेचसे गिअर 20MnCr5 नावाच्या स्टीलचे, त्यातला 20 म्हणजे साधारण 0.20 टक्के कार्बन. एवढ्या कमी कार्बनचं स्टील मऊ असतं, कापायला सोपं, पण त्याचे दात गाडीत टिकणार नाहीत. म्हणून ते 930 डिग्रीच्या आसपास कार्बनवाल्या गॅसमध्ये तासन् तास ठेवतात, कार्बन वरून आत शिरतो, मग गरम असतानाच तेलात बुडवतात. बाहेरची कातडी 58 ते 62 रॉकवेल (कडकपणाचं माप) एवढी कडक होते आणि गाभा चिवट राहतो, धक्का सोसणारा. फर्नेसवरच्या काकांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, कैरीच्या फोडीत मीठ मुरतं तसा कार्बन मुरतो, घाई केली की वरवर खारट आणि आत आंबट. मी काही महिने तिथं होते. तिथं मला एक गोष्ट सतत खटकायची, की कडक थर थोडासाच जास्त खोल मागितला तरी सायकल टाइम एवढा का वाढतो. नवीन पार्टला कस्टमरने केस डेप्थ, म्हणजे त्या कडक थराची खोली, वाढवून मागितली की प्लॅनिंगवाले डोक्याला हात लावायचे.

नंतरच्या सेमिस्टरला मटेरियल सायन्सच्या तासाला सरांनी डिफ्युजन शिकवलं, फिकचा नियम, समीकरणं, आणि शेवटी एक वाक्य, खोली ही वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट खोल जायचं तर चौपट वेळ. बाकीचा वर्ग लिहून घेत होता आणि मी बाकावर सरळ बसले. मी हात वर करून विचारलं की सर, मग टेम्परेचर वाढवलं तर वेळ वाचेल ना, मग का नाही वाढवत, आणि सर एकदम खुलले. टेम्परेचर वाढवलं की डिफ्युजन झपाट्याने वाढतं हे खरं, पण स्टीलचे ग्रेन, म्हणजे आतले बारीक कण, मोठे होतात, गिअर जास्त वाकतात, फर्नेसचं आयुष्यही घटतं. ते लेक्चर वेळ संपल्यावरही बराच वेळ चाललं. सरांनी नंतर मला सांगितलं की इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना परीक्षेसाठी नाही तर खरोखर हवा म्हणून क्वचितच कोणी विचारलाय. मी काही वर्गात हुशार नंबरची मुलगी नाही, प्रश्न माझ्याकडे फर्नेसमुळे होता.

आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता नुसतं छान छान लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

कायद्यात ही भानगड जुनी आहे. अप्रेंटिस अॅक्ट 1961 चा. पण त्यात ग्रॅज्युएट अप्रेंटिस म्हणजे डिग्री झाल्यावर ट्रेनिंग करणारा, आणि डिग्री अप्रेंटिस म्हणजे ज्याच्या डिग्रीच्या अभ्यासक्रमाचाच ते ट्रेनिंग हा भाग आहे असा, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि 2019 च्या नियमांत हा फरक नीट लिहिलाय. त्याच नियमांत दोघांसाठी महिन्याला किमान 9000 रुपये स्टायपेंड ठरला. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने एकूण माणसांच्या अडीच ते 15 टक्के अप्रेंटिस घ्यायचे हेही त्यातच आहे. पण मूळ कायद्याचं कलम 18 वाचा. अप्रेंटिस हा ट्रेनी आहे, कामगार नाही. म्हणजे कामगार कायदे त्याला लागू नाहीत. सुरक्षितता आणि आरोग्याबाबतचे, आधी फॅक्टरी अॅक्टमध्ये असलेले, कारखान्यांचे नियम मात्र कलम 14 मुळे लागू आहेत, आणि ट्रेनिंगमध्ये इजा झाली तर भरपाईचं कलमही आहे, हे पालकांनी लक्षात ठेवा. आणि कलम 22, ट्रेनिंग संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं कंपनीवर बंधन नाही. काँट्रॅक्टवर सही करताना हे तिन्ही आकडे डोक्यात असू द्या.

मला नशिबाने, आणि आमच्या ट्रेनिंग विभागातल्या एका मॅडमच्या हट्टामुळे, दर काही महिन्यांनी वेगळं डिपार्टमेंट मिळालं, टर्निंग, हॉबिंग (गिअरचे दात कापणं), फर्नेस, ग्राइंडिंग, क्वालिटी. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला याच पट्ट्यातल्या दुसऱ्या एका कंपनीत पहिलं अख्खं वर्ष पॅकिंगला उभं केलं. खोक्यात पार्ट, पार्टवर तेल, वर प्लास्टिक, स्टिकर. हजेरी भरली, स्टायपेंड वेळेवर, लॉगबुकात मात्र लिहिलं असायचं मशिनिंगचा अभ्यास. कॉलेजने त्यावर सह्या केल्या. त्याने मध्येच सोडलं आणि त्याच्या घरचे आता मला म्हणतात की हे सगळं फसवं असतं. मला त्यांचा राग येत नाही, त्या कंपनीचा येतो आणि त्या सह्यांचा त्याहून जास्त येतो. स्वस्तात हात मिळतात म्हणून जे कोणी अप्रेंटिस घेतं ते एका मुलाची चार वर्षं खातं, आणि शिवाय पुढच्या दहा मुलांचा विश्वासही.

म्हणून मला कोणी विचारलं की कुठं घेऊ अॅडमिशन, तर मी कोर्सचं नाव नंतर विचारते. आधी सांगते की रोटेशनचा लेखी प्लॅन मागा. मशीन कुठल्या वर्षी हातात देणार ते विचारा, आणि कॉलेजचे सर प्लांटमध्ये वर्षातून किती वेळा येतात तेही विचारा, येतच नसतील तर ती डिग्री आणि ते काम दोन वेगळ्या रुळांवर चालणार हे समजून जा. आणि शक्य असेल तर गेटवर जेवणाच्या सुट्टीत उभं राहून सेकंड इयरच्या एखाद्या अप्रेंटिसला गाठा, तो पाच मिनिटांत खरं सांगेल.

बाबांना हे पटायला वेळ लागला. बाबा टर्नर. वागळे इस्टेटमधल्या छोट्या वर्कशॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली, लेथवर. 1962 साली एमआयडीसी सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या वसाहतींमधली ती वागळे इस्टेट, एकेकाळी तिथं गल्लीगल्लीत लेथचा आवाज असायचा म्हणे, आता तिथं काचेच्या इमारती आणि आयटी कंपन्या जास्त. बाबांचं वर्कशॉप बंद झालं तेव्हा मी शाळेत होते. त्यांचं गणित सरळ होतं, की मी हाताला तेल लावलं ते पोरीने लावू नये म्हणून. मी एसीत बसावं, कीबोर्डवर काम करावं. मी प्लांटमध्ये जाते म्हटल्यावर ते फार बोलले नाहीत, पण आईला म्हणाले की हिला मी एवढं शिकवलं ते परत मशीनपाशी उभं राहायला का. मला ते वाक्य खूप लागलं होतं. कारण त्यात मशीनपाशी उभं राहणं ही शिकण्याच्या उलटची गोष्ट होती आणि ज्या माणसाने ते म्हटलं तो स्वतः मायक्रोमीटर न लावता, नुसत्या हाताने शाफ्ट फिरवून, एक थाऊचा टेपर, म्हणजे एका टोकाकडे निमुळतेपणा, ओळखणारा माणूस होता. एक थाऊ म्हणजे 25 मायक्रॉन.

त्या 8 मायक्रॉनची गोष्ट मी घरी सांगितली तेव्हा बाबा ताटावरून उठेनात. त्यांनी एवढंच विचारलं की कूलंट, म्हणजे कापताना सोडायचं थंड पाणी-तेल, होता का ड्राय टर्निंग होतं. ड्राय, म्हटलं. मग म्हणाले, आम्ही पार्ट पाण्याच्या बादलीत टाकून मग मोजायचो, का ते कोणी सांगितलं नव्हतं, उस्तादाने टाकायला सांगितलं म्हणून टाकायचो. मग मी त्यांना सूत्र लिहून दाखवलं, जेवणाच्या टेबलावर, बिलाच्या मागच्या बाजूला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. त्या दिवसापासून कोणी विचारलं काय करते मुलगी, तर ते स्वतः उत्तर देतात, आणि बऱ्यापैकी लांबलचक देतात.

आपल्या भागात गाड्यांचं काम नवीन नाही. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना, तिथूनच पुढे पद्मिनी निघाली, मुंबईची काळीपिवळी. शेवटची पद्मिनी टॅक्सी 30 ऑक्टोबर 2023 ला रस्त्यावरून गेली. नव्वदच्या दशकात प्यूजो 309 आपल्या कल्याणजवळ बनायची हे आता कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. अख्खी गाडी बनवण्याचं काम नंतर पुण्याकडे सरकलं, चाकण, पिंपरी, तळेगाव. पण पार्ट बनवणं इथं उरलं, मुंब्र्याला गिअरची मोठी फॅक्टरी आहे, टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक औद्योगिक पट्ट्यात दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत कितीतरी छोट्यामोठ्या शेड आहेत. रस्त्याने जाणाऱ्याला त्या शेडमध्ये काय चालतं ते दिसत नाही. मी आता एखादी गाडी गिअर बदलताना ऐकली की मला आतला, गिअरचे वेग जुळवून देणारा सिंक्रोनायझर दिसतो, हे सांगताना मला खरंच अभिमान वाटतो.

आणि ही पद्धत चालते का, या प्रश्नाला मोठं उत्तर जर्मनीत आहे. 1972 साली श्टुटगार्टला डाइमलर-बेंझ, बॉश आणि आणखी एका कंपनीने मिळून ठरवलं की बारावीनंतर ज्यांना नुसतं युनिव्हर्सिटीत बसायचं नाही अशांसाठी कंपनी आणि कॉलेज मिळून शिक्षण द्यायचं. 1974 ला त्याची संस्था सुरू झाली, 2009 ला तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, आलटून पालटून. इंग्लंडमध्ये 2015 पासून डिग्री अप्रेंटिसशिप आहे, तिथं ट्यूशन फी विद्यार्थी भरत नाही, मालक आणि सरकार बघतात. आमच्याकडे फी घरूनच जाते, आणि हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण चार दिवस मी ज्या कंपनीचं काम करते तिला माझ्या शिकण्याचा फायदा होतोच आहे. त्या 19 मायक्रॉनच्या गिअरचं थांबलेलं रिजेक्शन कोणाच्या खिशात गेलं?

मुलगी म्हणून वेगळं काही आहे का, हेही विचारतात. आहे. सुरुवातीला लेडीज चेंजिंग रूम ऑफिसच्या बिल्डिंगमध्ये होती, शॉपपासून लांब, ती आता जवळ आली कारण आम्ही तिघी जणींनी लेखी मागितली. सेकंड शिफ्टला कंपनीची गाडी घरापर्यंत सोडते, ही गोष्ट सही करण्याआधी विचारून घ्या. बाकी हॉबिंग मशीनला कोण उभं आहे याने काही फरक पडत नाही.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळाच, की इलेक्ट्रिक गाड्या आल्यावर गिअरचं काय. बरोबर आहे, पाच-सहा स्पीडचा गिअरबॉक्स जाणार, बहुतेक ईव्हीत एकाच रेशोचा रिडक्शन गिअर असतो, म्हणजे गिअर कमी. पण पेट्रोलचं इंजिन 6000 आरपीएमच्या आसपास दमतं आणि ईव्हीच्या मोटर 10000 च्या सहज पुढे जातात. आणि इंजिनचा आवाज नसल्यामुळे गिअरचं कुई-कुई करणं केबिनमध्ये स्पष्ट ऐकू येतं, पूर्वी ते इंजिनच्या घरघरीत लपायचं. म्हणून दाताचा आकार आधीपेक्षा कितीतरी नेमका हवा. गिअर कमी लागतील, पण जे लागतील ते बनवायला जास्त शिकलेली माणसं लागतील, असं मला रोज कामावर दिसतंय.

माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यावरच आहे. ईव्हीचा एक गिअर भट्टीतून येताना वाकतो, मग ग्राइंडिंगला जास्त मटेरियल काढावं लागतं, आणि जास्त काढलं की तासन् तास मुरवलेला तोच कडक थर पातळ होतो. भट्टीत गिअर कसे मांडायचे यावर सगळं आहे. फर्नेसचे काका म्हणतात रॉडवर उभे टांगा. कॉलेजचे सर म्हणतात जाळीवर आडवे ठेवून बघ, तेल सगळीकडून सारखं लागेल. दोघांची कारणं मी वहीत समोरासमोर लिहून घेतलीयेत आणि दोन्ही पटण्यासारखी आहेत. पुढच्या महिन्यात अर्धा लोड असा आणि अर्धा तसा लावायचा, एकाच सायकलला, सर त्या दिवशी प्लांटमध्ये येणार आहेत आणि काकांनी त्यासाठी आपली शिफ्ट बदलून घेतलीये, फक्त प्लॅनिंगने अजून फर्नेसचा स्लॉट दिलेला नाही, त्यासाठी उद्या सकाळी परत जाऊन बसायचंय त्यांच्या टेबलासमोर.